हिच्या जवळ येऊ नका!

विमान दुपारचं होतं आणि साहेब सकाळपासून बॅगांना आंघोळ घालत होते. दाराबाहेर सगळ्या बॅगा ओळीनं उभ्या करून, एका हातात फवारा आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन ते प्रत्येक चाक, प्रत्येक कडी, प्रत्येक चेन पुसून काढत होते. पुढच्या काही तासांत या बॅगा परक्या माणसांच्या हातांतून, सरकत्या पट्ट्यांवरून आणि विमानाच्या पोटातून जाणार होत्या. पण आपल्या घरातून निघताना तरी त्या निर्जंतुक असाव्यात, असा साहेबांचा हट्ट होता. बाई खिडकीतून हे सगळं बघत होत्या आणि गप्प होत्या. आज विनाकारण बोलायचं नाही, असा सकाळीच हुकूम सुटला होता. का, तर बोललं की श्वास जास्त घेतला जातो.

साहेब म्हणजे बाईंचे यजमान. रंगाच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. तिथे आग लागू नये म्हणून त्यांनी उभी हयात घालवली. आग कधी लागली नाही, आणि ती केवळ आपल्यामुळे लागली नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण सुरक्षा काही सुटेना. घरात मग सुरक्षित ठेवण्याजोगी एकच चीज उरली, ती म्हणजे बाई.

बाईंना आमवात होता. वयानं गुडघे कुरकुरतात तसला नव्हे, चांगला खानदानी, डॉक्टरांनी रक्त तपासून शिक्कामोर्तब केलेला. सकाळी उठलं की बोटं लाकडाची झालेली असत. मुलींच्या शाळेत अख्खा जन्म शिवण शिकवलेल्या बाईंना स्वतःच्या ब्लाउजचं बटण लावायला नवऱ्याला हाक मारावी लागे. "तुमच्या शरीरातले पहारेकरी जरा जास्तच इमानी झालेत," डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. "चोर सापडेना म्हणून घरच्याच माणसांना बडवतायत. आपण त्यांना औषधानं झोपवू. मात्र ते झोपले की खरा चोर आत शिरू शकतो, तेव्हा जपून राहा." हे ऐकताना बाई डॉक्टरांकडे न बघता नवऱ्याकडे बघत होत्या.

त्यात ही साथ आली. बाईंची एकुलती एक लेक परदेशात, पहिलं बाळंतपण अगदी तोंडावर आलेलं. "आई, तू येच," असं तिनं एकदाच म्हटलं होतं, पण ज्या आवाजात म्हटलं तो आवाज बाईंच्या कानातून जात नव्हता. विमानं आज बंद होणार, उद्या बंद होणार, अशा बातम्या रोज येत होत्या. आजचं विमान चुकलं तर पुढचं कधी, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. नातवंडाला कडेवर घ्यायचं ते कदाचित बाळ धावायला लागल्यावरच. डॉक्टर म्हणाले, "जा खुशाल. मास्क लावा, हात धुवा, गर्दीत अंतर ठेवा." या तीन वाक्यांची साहेबांनी घरी येऊन राज्यघटना केली.

निघताना बाईंचा थाट असा होता: विमानात गारठा असतो म्हणून आतून लोकरीचा स्वेटर. तोंडावर दोन मास्क, त्यावर पारदर्शक ढाल, हातांत रबरी मोजे. आणि या सगळ्यावरून गळ्यापासून घोट्यापर्यंत न्हाणीघराच्या पडद्याचा कोट. तो साहेबांच्या आज्ञेवरून बाईंनीच, दुखऱ्या बोटांनी शिवला होता. त्यावर निळे मासे होते. आपण जन्मात एवढा भिकार कपडा शिवला नाही, असं बाईंना राहून राहून वाटत होतं.

"अहो, मला फार उकडतंय," टॅक्सीत बसल्या बसल्या बाई म्हणाल्या.

"विषाणूला उष्णता सोसत नाही," साहेब म्हणाले.

"मलाही सोसत नाही."

"अगं, बोलू नकोस ना!"

विमानतळावर सामान दिलं, तर पुढे तपासणीला मोठी रांग होती. दर काही पावलांवर जमिनीवर गोल काढले होते आणि माणसांनी त्यात उभं राहायचं होतं. माणसं ती माणसंच. गोल बघायची आणि दोन गोलांच्या मधोमध उभी राहायची. साहेबांच्या कपाळाची शीर तटतटली. त्यांनी बाईंच्या औषधाच्या इंजेक्शनांची थंड पेटी काखोटीला मारली, दोन्ही हात पंख्यासारखे पसरले आणि कारखान्यात कमावलेल्या आवाजात आरोळी ठोकली, "दूर राहा! हिच्या जवळ येऊ नका!"

पुढचे चारदोन जण वळले. त्यांना दिसलं ते असं: पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, घामानं डबडबलेली, चेहरा लालबुंद झालेली एक बाई, आणि तिच्यापासून जगाला वाचवू बघणारा एक गृहस्थ. साथीच्या दिवसांत याचा जो अर्थ कोणीही काढला असता, तोच त्यांनी काढला. एक आई आपल्या पोराला ओढत पार खांबाच्या मागे गेली.

"बघ, कसं ऐकतात लोक!" साहेब खूष झाले. "समजावून सांगितलं की ऐकतात."

"तुम्ही समजावलं कुठे? नुसते ओरडलात."

पण साहेबांना चेव चढला होता. रांग जरा पुढे सरकली की त्यांची आरोळी उठे, "लांब! लांब! हिला धोका आहे!" आणि लोक 'हिला' ऐकून न ऐकल्यासारखं करून 'धोका' तेवढा घेऊन लांब सरकत. थोड्याच वेळात त्या तुडुंब भरलेल्या सभागृहात बाईंच्या भोवती लग्नाचा मांडव पडेल एवढी जागा मोकळी झाली. तेवढ्यात कोणीतरी जाऊन तक्रार केली आणि पांढऱ्या अंगरख्यातली एक नर्स लगबगीनं आली. तिच्या मागे तापमानाचा कॅमेरा होता. त्याच्या पडद्यावर सगळी माणसं हिरवी-पिवळी दिसत होती. बाई मात्र पिकलेल्या टोमॅटोसारख्या.

"काकू, तुम्ही जरा बाजूला बसा. दहा-पंधरा मिनिटांनी परत बघू," नर्स म्हणाली. ती काही वाईट नव्हती. तिला फक्त कामाचा कंटाळा आला होता. "कमी झालं तर जा. नाही झालं तर मग आज जाता येणार नाही."

आज जाता येणार नाही! बाकावर बसता बसता त्यांचा हात कोटाच्या बटणांकडे गेला. स्वेटर काढला की ताप पळेल, हे कळायला वैद्यकी शिकायला नको होतं.

"खबरदार!" साहेब कुजबुजले. "इथे काढतेस? इतक्या श्वासांत?"

"अहो, हा ताप नाही. ही तुमची माया आहे. उकडून निघतेय मी त्यात."

"थांब. माझ्याकडे उपाय आहे."

साहेबांचा उपाय ऐकला की बाईंना हल्ली उपायाचीच धास्ती वाटे. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, इंजेक्शनांची पेटी उघडली, त्यातल्या बर्फाच्या थंडगार लाद्या काढल्या आणि एक बाईंच्या मानेमागे, एक काखेत, एक सरळ ढालीच्या पट्ट्याखाली, कपाळाला लावून सारली. बाईंच्या तोंडून "आई गं!" निघालं. दुखऱ्या सांध्यांना गारठा म्हणजे साक्षात वैरी. पण लेकीचा आवाज आठवून त्यांनी दात आवळले आणि बसून राहिल्या. नर्स येताना दिसली तशी साहेबांनी कपाळावरची लादी काढून खिशात टाकली. बाकीच्या राहिल्या.

नर्सनं कपाळासमोर यंत्र धरलं, आकडा बघितला आणि यंत्र झटकलं. परत धरलं. मग स्वतःच्या कपाळाला लावून बघितलं.

"काकू, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"हो."

"कारण या हिशेबानं तुम्ही आत्ता बोलायला नको. इतकं गार आमच्या फ्रीजमधलं दूध असतं."

बाईंना हसू आलं, खांदे हलले, आणि काखेतली लादी कोटातून घसरत घसरत खाली येऊन फरशीवर थप्पकन पडली. तिघंही तिच्याकडे बघत राहिली. नर्सचा चेहरा बदलला. "ताप लपवता होय? बर्फ लावून?"

"तसं नाही हो ताई," साहेब पुढे झाले. "हिला ताप नाहीच. हिची प्रतिकारशक्ती कमी केलेली आहे. मुद्दाम! औषधानं! डॉक्टरांचं पत्र आहे ना."

"दाखवा."

साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. पत्राला कोणाचे हात लागू नयेत म्हणून त्यांनी ते प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत घालून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवलं होतं. आणि तपासणीच्या रांगेत उभं राहायच्या आधीच ती बॅग सामानाच्या पट्ट्यावरून दिमाखात आत गेली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

"चला, निरीक्षण कक्षात," नर्स म्हणाली आणि कोपऱ्यातलं एक दार उघडलं.

आतून खोकला आला. एकाचा नव्हे. एक कोरडा, एक घरघरता, एक अगदी मुळापासून येणारा. आत खोकल्यांचं संमेलन भरलं होतं. ज्या एका गोष्टीपासून बायकोला वाचवण्यासाठी त्यांनी कित्येक आठवडे स्वतःची झोप घालवली, तिच्याच दारात त्यांनी तिला आपल्या हातानं आणून उभं केलं होतं. ते पळत जाऊन दारात उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला टेकवून.

"माझ्या प्रेतावरून जावं लागेल!"

"काका, बाजूला व्हा. नाहीतर सुरक्षारक्षकांना बोलवते."

"बोलवा! सुरक्षा काय असते ते मी सांगतो त्यांना!"

सुरक्षारक्षक आला. लोक जमले, अर्थात लांबूनच. कोणी फोन वर धरून चित्रण करू लागलं. साहेब ओरडत होते, नर्स ओरडत होती, रक्षक दोघांनाही शांत व्हा म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. बाई मध्ये उभ्या होत्या. इतक्या वेळात त्यांना काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. कॅमेऱ्यानं नाही, नर्सनं नाही, नवऱ्यानं तर नाहीच. त्यांना एकदम फार राग आला. शाळेत मागच्या बाकावर कुजबुज चालली की यायचा तसा, जुना, ओळखीचा राग.

"गप्प बसा सगळे!"

सभागृह गप्प झालं. बाईंनी ढाल काढली. मोजे ओढून काढले. माशांचा कोट बटणं तोडून उतरवला, स्वेटर डोक्यावरून काढला आणि सगळं नवऱ्याच्या हातात कोंबलं. तोंडावर फक्त एक मास्क राहू दिला, कारण डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं.

"अगं..." साहेब म्हणाले.

"तुम्ही एक अक्षर बोलू नका. माझ्या अंगातल्या पहारेकऱ्यांना औषध देऊन झोपवता येतं. तुम्हाला काय देऊ?" मग त्या नर्सकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाळ, मी आत जाणार नाही, पण पळणारही नाही. इथे बाकावर बसते. तुमच्या डॉक्टरांना इथे बोलाव."

डॉक्टर आले. जेवणावरून उठून आले होते, तरी शांत होते. बाईंनी आपली वाकडी बोटं त्यांच्यापुढे धरली, इंजेक्शनांची पेटी उघडून दाखवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, पडद्याच्या कोटासकट. डॉक्टरांनी ओठ दाबले. नाकात काडी घालून तपासणी झाली. ती निर्दोष निघाली. एव्हाना अंगातली उष्णता आणि बर्फ दोन्ही उतरले होते. तापमान बघितलं, तर चारचौघांसारखं.

"तुम्ही जाऊ शकता," डॉक्टर म्हणाले. "आणि तुमच्या या औषधांवर त्या खोलीत तर मुळीच जाऊ नका." नर्सनं मान खाली घातली, पेटी उचलली आणि लाद्या बदलून आणायला निघून गेली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "मी हेच केव्हापासून सांगत होतो."

"सोबत तुम्हीही जाणार ना? तुमचाही ताप बघू," डॉक्टर म्हणाले आणि यंत्र त्यांच्यासमोर धरलं. यंत्र किंचाळलं. परत धरलं, परत किंचाळलं. काखेत साधा तापमापक लावला, तरी तेच. साहेबांना सणसणीत ताप होता.

"दगदग झाली," साहेब म्हणाले.

"दगदगीनं इतका येत नाही. काही औषध, लस वगैरे घेतलीत का?"

साहेब जमिनीकडे बघू लागले. बाईंनी हे बघणं चांगलं ओळखलं. "अहो? काय केलंत?"

"काल संध्याकाळी... परत एकदा टोचून घेतली."

"परत? तुमच्या सगळ्या झाल्यात की!"

"दुसऱ्या केंद्रावर गेलो. म्हटलं, हिला तर काही होऊ नये. निदान माझ्याकडून तरी..."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "म्हणजे हा लसीचाच ताप. उद्यापर्यंत उतरेल. पण आज ताप तो ताप, काका. आज तुम्हाला सोडता येणार नाही. ती मोठी खोली नको; इथे दुसरी एक रिकामी आहे, रात्रभर तिथे आराम करा."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. इतका वेळ बाईंना जाऊ देतात की नाही, हा प्रश्न होता. आता बाईंना एकटं जाता येतं की नाही, हा प्रश्न झाला. बॅगा कोण उचलणार? परदेशातल्या दारादारांवर काय लिहिलंय ते कोण वाचणार? आणि सगळ्यांत मोठं म्हणजे इंजेक्शन. ते पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्यायचं होतं आणि दर वेळी साहेबच द्यायचे. लेकीला रक्ताचा थेंब दिसला की चक्कर येई; जावई तिच्यापेक्षा वाईट. आणि बाईंनी आयुष्यभर सुया वापरल्या त्या कापडात. कापड ओरडत नाही.

"आपण नंतर जाऊ," साहेब पुटपुटले. "दोघं मिळून."

"नंतर कधी?"

दूरवर विमानाची शेवटची हाक झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाशिवाय त्या कधी शेजारच्या गावालाही गेल्या नव्हत्या, आणि हे आत्ता, अशा ठिकाणी आठवायला नको होतं. भीती वाटत होती, खूप वाटत होती. तरी त्यांनी नर्सकडून पेटी घेतली आणि खांद्याला लावली.

"मी जाते."

"आणि सुई?"

"बघते मी. तुम्ही पाणी प्या भरपूर."

साहेब माशांचा कोट छातीशी धरून उभे राहिले. बाई वळणावर पोचल्या तेव्हा त्यांनी मागे पाहिलं. साहेब हात हलवत होते. रडत होते की घाम पुसत होते, ते इतक्या लांबून कळलं नाही, आणि बाईंनी परत जाऊन बघायचं टाळलं.

विमानात वेगळीच गंमत. रांगेतला तमाशा निम्म्या प्रवाशांनी डोळ्यांनी बघितला होता आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी तो तिखटमीठ लावून सांगितला होता. बाई दिसताच कुजबुज झाली. त्यांच्या ओळीत ज्यांच्या जागा होत्या त्यांनी हवाई सुंदरीला बाजूला घेतलं. मागच्या ओळीनं घेतलं. पलीकडच्या बाजूनंही घेतलं. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवलाय, असं ती बिचारी परोपरीनं सांगत होती, पण लोक पुढे जाऊन खुर्च्यांच्या हातांवर बसायलासुद्धा तयार होते. विमान उडालं तेव्हा बाईंच्या चहूबाजूंनी सगळ्या खुर्च्या ओस पडल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर साहेब बरोबर असते तरी इतकं मिळालं नसतं.

पण बाईंना काही चैन पडेना. त्या खिडकीशी बसल्या, मग मधल्या खुर्चीवर, मग कडेला. पुन्हा खिडकीशी. पेटी उघडून बघितली, बंद केली. घरी दिवसभर 'अगं, अगं' ऐकून कान किटायचे. आता कोणी 'अगं' म्हणेना तर कान टवकारून बसल्यासारखं झालं. पट्टे सोडायची सूचना झाली तशी मागच्या टोकाकडून एक बाई चालत आली. आखूड केस, तोंडावर मास्क, वय बाईंच्याच आसपास. चालण्यात एक ओळखीचा सावधपणा, फरशी तापलेली असावी तसा.

"इथे बसू का हो?"

बाईंना आश्चर्य वाटलं. "तुम्हाला माझी भीती नाही वाटत?"

"तुमची? नाही हो, मला त्या मागच्या गर्दीची भीती वाटते. एक जण मघापासून माझ्या मानेवर शिंकतोय." तिनं आपला हात पुढे केला. बोटं बाईंच्या बोटांसारखीच, त्याच दिशेला झुकलेली. "ग्रंथपाल होते मी. पुस्तकं उचलता येईनात म्हणून सोडलं. तुमच्या यजमानांचा आवाज ऐकला तेव्हाच ओळखलं, हा आपल्यातला मामला आहे. बाकीचे सगळे लांब पळाले, मला वाटलं, अख्ख्या विमानात सुरक्षित जागा असेल तर ती यांच्याच शेजारी!"

बाई इतक्या हसल्या की मास्क सरकला. "बसा की! पण मधली एक खुर्ची सोडून हं."

"अर्थातच."

मग कोणाचे गुडघे कधी धरतात, कोणाला कोणत्या गोळीनं मळमळतं, झाकणं आणि बटणं या दोन गोष्टी ज्यानं शोधून काढल्या त्याला काय शिक्षा द्यावी, अशा गप्पा झाल्या. बोलता बोलता बाईंनी भीत भीत विचारलं, "तुम्हाला सुई कोण टोचतं हो?"

"मीच."

"स्वतःच्या हातानं? जमतं?"

"मघाशी म्हणालात ना, शिवणाच्या बाई होतात म्हणून? मग तुम्हाला माझ्याआधी जमायला हवं. आणा ती उशी इकडे."

तिनं पर्समधून बॉलपेन काढलं, विमानातली ती इवलीशी उशी बाईंच्या मांडीवर बांधल्यासारखी ठेवली आणि शिकवणी सुरू झाली. मूठ कशी धरायची, म्हणजे बोटांवर जोर येत नाही. चिमटीत कातडी कशी घ्यायची. डोळे मिटायचे नाहीत, फार तर दात मिटायचे. पहिल्यांदा बाईंचं पेन उशीवरून घसरलं, दुसऱ्यांदा वाकडं गेलं. "अहो, तुरपाई नाही घालायची, सरळ खुपसा!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. बाईंनी श्वास रोखला, लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि सगळा जीव मुठीत एकवटून पेन खचकन उशीत घातलं.

दोन ओळी सोडून पुढे एक गृहस्थ अजून नेट धरून बसले होते. त्यांनी आवाज झाला म्हणून फटीतून मागे पाहिलं. चेहरे झाकलेल्या दोन बायका, एक उशीला भोसकतेय आणि दुसरी "शाब्बास! आता अजून खोल!" म्हणतेय. गृहस्थांनी आवाज न करता आपला कोट उचलला, पिशवी घेतली आणि पुढच्या टोकाला निघून गेले. त्यांच्या मागोमाग त्यांचे शेजारीही उठले.

ग्रंथपालबाईंनी मान उंचावून ती नवीन रिकामी झालेली ओळ बघितली.

"बघा," त्या म्हणाल्या, "यजमान बरोबर नसले तरी जमतं की तुम्हाला!"